लिलाबाईचा निळा टाका

चटईवर बसणारा माणूस किनारीकडे बघत नाही. मांडवात बसतो, दशक्रियेला बसतो, दुपारी ओट्यावर टाकून घोरतो; पण ती किनार कोणी मारली याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. किनार उसवली आणि प्लास्टिकच्या नळ्या एकेक करून बाहेर डोकवायला लागल्या, की मग मात्र तो दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. जळगावच्या एमआयडीसीत बन्सीलाल शेठच्या चटई कारखान्यात लिलाबाई बिऱ्हाडे एकोणीस वर्षं किनार मारत होती. या एकोणीस वर्षांत तिच्या हातच्या चटईपायी कोणाच्या पिढ्यांना त्रास झाल्याचं ऐकिवात नाही.

त्या कारखान्यात एक रीत होती. शिलाईच्या हॉलमध्ये बावीस मशिनी, प्रत्येकीवर एक बाई. लूमवरून विणून आलेल्या चटईला बाईने चारी बाजूंनी पट्टी मारायची, कोपऱ्यात कंपनीचा बिल्ला शिवायचा, आणि बिल्ल्याच्या शेजारी आपल्याला नेमून दिलेल्या रंगाच्या दोऱ्याने हाताने तीन आडवे टाके घालायचे. रंग सुपरवायझर प्रेमराजने वाटून दिले होते. त्यात उदात्त काही नव्हतं. चटई उसवून परत आली तर ती कोणत्या बाईच्या हातची हे कळावं आणि तिच्याच पगारातून कापता यावं, एवढाच हिशेब.

लिलाबाईने निळा मागून घेतला. निळाच का, हे प्रेमराजने विचारलं नाही. तिच्या घरात भिंतीवर कोणाची तसबीर आहे हे त्याला न बघताही ठाऊक होतं. शेजारच्या मशीनवरच्या अमिनाबीच्या वाट्याला भगवी रीळ आली तेव्हा अख्खा हॉल दोन दिवस हसत होता, आणि सगळ्यात जास्त अमिनाबी स्वतः. प्रेमराज रंग बदलून द्यायला निघाला तर ती म्हणाली, राहू दे, दोऱ्याला काय कळतं.

पगार कापायला काढलेली ही खूण. पण माणसाच्या हाताला काम चिकटलं की त्याच्या बरोबर अभिमानही चिकटतो, त्याला मालक तरी काय करणार? चोपड्याकडच्या एका खेड्यात केळीच्या बागांत रोजाने जाणारी लिलाबाई लग्न होऊन जळगावात आली होती. केळीचं पान कोणी कापलं हे कोणी विचारत नाही. इथे मात्र आपल्या हातचं काम दुकानात, दुसऱ्या गावात, परक्या घरात आपली खूण अंगावर घेऊन बसतं, हे तिला फार भारी वाटायचं. नवरा सुकदेव हमाली करताना पोत्याखाली पाठ मोडून बसला आणि दोन वर्षांत गेला, त्यानंतर तर तिला आपलं म्हणावं असं त्या तीन टाक्यांशिवाय आणि लेकीशिवाय काही उरलं नाही. परगावचे व्यापारी फोनवर सांगायचे, "शेठ, निळ्या टाक्याचा माल टाका." शेठ ते तिला हसत हसत सांगायचा. पगार मात्र त्या हसण्याने कधी वाढला नाही.

मग बाहेरची चटई आली.

बाहेरची म्हणजे परदेशातली, जहाजाने येणारी. पहिल्यांदा ती लिलाबाईला आठवडे बाजारात दिसली. हलकी, चकचकीत, वर मोरांची नक्षी, आणि भाव इथल्या चटईच्या जवळपास निम्मा. लिलाबाईने किनार अंगठ्याने ओढून पाहिली. टाके सैल होते, लांब होते, शाळेतल्या पोरीने घाईत घातल्यासारखे. "हाई सहा महिना बी टिकाव नही," ती विकणाऱ्याला म्हणाली. तो म्हणाला, "मावशी, सहा महिन्यांनी गिऱ्हाईक दुसरी घेतं, त्याला परवडतं." ज्याची तिला एकोणीस वर्षं लाज वाटत आली होती, तेच आता लोकांना परवडायला लागलं होतं.

लूम एकेक करून गप्प झाले. चोवीस लूमचा मिस्त्री होता मुख्तार, अमिनाबीचा नवरा. बंद पडलेल्या लूमलाही तो रोज तेलपाणी करायचा. दिवाळीत शेवटचा लूम थांबला, तेव्हा त्याने चिंधीने हात पुसले आणि ती चिंधी घडी करून खिशात ठेवली, जशी काही उद्या पुन्हा लागणार आहे.

पण कारखाना बंद झाला नाही. दिवाळीनंतर आठवड्यात बंदरावरून कंटेनर आला आणि त्यातून मोरांच्या चटयांचे गठ्ठे उतरले. शेठने बायांना हॉलमध्ये गोळा केलं. म्हणाला, धंदा वाचवायचा तर हाच एक रस्ता आहे. यांना आपला बिल्ला लावायचा, बाकी काही करायचं नाही. माल खपला तर लूम परत सुरू करू. बायांनी ऐकलं. न ऐकून जाणार कुठे?

आता लिलाबाईने जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. तिने पहिली चटई हातात घेतली, बिल्ला शिवला, आणि किनार पाहून तिला राहवेना. मशीन सुरू करून तिने चारी बाजूंनी दुसरी शिलाई मारली. मग सुई घेतली आणि कोपऱ्यात तीन निळे टाके घातले.

प्रेमराज धावत आला. "अहो अक्का, टाका नको! फक्त बिल्ला!"

"मना हातखालून गयेल माल बिनखुणेना कसा सोडू? उद्या उसवनी, ते कोणले धरशात?"

"कोणाला धरायचं नाहीये आता."

"मंग ते आखीन खराब," ती म्हणाली आणि पुढची चटई ओढली.

अमिनाबी शेजारून म्हणाली, "अक्का, कशाला जीव काढतेस? आपला माल आहे का तो?" अमिनाबीने भगवी रीळ डब्यात घालून ठेवली होती. बाकीच्याही कोणी टाका घातला नाही. लिलाबाईने मात्र सात महिने, मोजता येणार नाहीत इतक्या परक्या चटयांवर आपली खूण घातली. प्रेमराजने दोन दिवस कटकट केली आणि मग शेठनेच त्याला गप्प केलं, कारण व्यापाऱ्यांना निळा टाका दिसला की ते जास्त चौकशी करत नव्हते. मालाची तक्रार एकही आली नाही. लूम काही सुरू झाले नाहीत. जूनमध्ये शेठने गेटला कुलूप लावलं आणि त्रेसष्ट माणसं घरी बसली.

एकावन्न वर्षांच्या बाईला नवं काम कोण देणार? डाळ मिलमध्ये विचारलं तर तिथे पोरी हव्या होत्या. लेक शिल्पा धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. होस्टेल होतं, मेस होती, परीक्षेची फी होती. एवढं एक वर्ष निघालं की पोर स्वतःच्या पायावर उभी राहणार होती, आणि नेमकं तेवढं वर्षच लिलाबाईच्या हातात नव्हतं. म्हणून मुख्तार एक दिवस कागद घेऊन आला तेव्हा तिने चहा अर्धा टाकून तो ऐकला. परदेशी मालामुळे ज्यांचा कारखाना बसला, अशा कामगारांसाठी सरकारने एक योजना काढली होती. पात्र ठरलं तर वर्षभर अर्धा पगार.

"वरीसभर," लिलाबाई म्हणाली. तिला बरोबर तेवढंच हवं होतं.

पुढचे दोन महिने ती आणि मुख्तार दारोदार फिरले. कोणाचं आधार, कोणाचं हजेरीचं कार्ड, कोणाचं बँकेचं पासबुक. त्रेसष्ट जणांची फाईल लिलाबाईने स्वतः पट्टीच्या उरलेल्या कापडाने बांधली. एक अट मुख्तारने तिला वाचून दाखवली होती: बंद होण्याआधीच्या वर्षात कारखान्याचा माल आधीच्या वर्षापेक्षा घटलेला असला पाहिजे. दोघांनाही त्यात काळजीचं काही दिसलं नाही. चोवीसच्या चोवीस लूम थांबलेले ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यांना माल घटला का हे कोणी विचारायचं?

"अक्का, बठ्ठा कागद शेतस," सगळे कागद पुन्हा एकदा मोजून मुख्तार म्हणाला. "आपलं काम व्हई जाई."

सुनावणी दोन्ही जिल्ह्यांची मिळून धुळ्याला होती. सप्टेंबरातल्या एका सोमवारी दोघं सकाळच्या एसटीने निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, लिलाबाईने फाईल मांडीवरून खाली ठेवली नाही. ऑफिसात त्यांच्यासमोर भूमिका मॅडम नावाची तरुण अधिकारी होती. तिने दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. लिलाबाईला वाटलं, चला, माणूस भेटलं.

"तुमचा अर्ज नीट आहे," मॅडम म्हणाल्या. "अडचण एकच आहे. मालकांनी जी बिलं दिली आहेत, त्यांत माल घटलेला दिसत नाही. उलट शेवटच्या वर्षात थोडा वाढलेला आहे, आणि सगळा स्वतःच्या उत्पादनाचा म्हणून दाखवला आहे."

मुख्तार म्हणाला, "मॅडम, बिलं खोटी आहेत. लूम बंद होते."

"मलाही तशी शंका आली. म्हणून मी इथल्या बाजारातून तुमच्या कंपनीची एक चटई विकत आणली." त्यांनी टेबलामागून गुंडाळी काढली, दोरी सोडली आणि चटईचा कोपरा टेबलावर टाकला. "ही तुमच्याच कारखान्यातली आहे का, एवढं..."

लिलाबाईला चटई दिसलीच नाही. तिला तीन निळे टाके दिसले. आडवे, सरळ, एका मापाचे. सरकारी टेबलावर, पंख्याखाली, तिची खूण. तीन महिने ती बेकार, कोणाच्या खिजगणतीत नसलेली बाई होती. आणि इथे एवढ्या मोठ्या ऑफिसात तिचं काम तिला ओळख देत होतं. मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती बोलून गेली.

"मनी शे. मना हातनी शे." आणि मग ऑफिसच्या भाषेत, अभिमानाने, "हा निळा टाका माझा आहे मॅडम. एकोणीस वर्षं झाली, दुसऱ्या कोणाचा नाही."

मुख्तार जोरात खोकला. उशीर झाला होता. मॅडमनी लिहून घेतलं.

"बिल्ल्यावर मार्च महिना छापलाय," त्या म्हणाल्या. "लूम दिवाळीला बंद झाले म्हणता. मग मार्चमध्ये तुम्ही ही चटई कशी तयार केली?"

खोली एकदम लहान झाली. मुख्तार म्हणाला, जुना स्टॉक असेल. मॅडमनी बिल्ल्यावर बोट ठेवलं. लिलाबाईला कारखान्यात कधी खोटं बोलावं लागलं नव्हतं, आणि या वयात ते नव्याने शिकायला ती धुळ्याला आली नव्हती. तिने सगळं सांगितलं. कंटेनर, मोर, बिल्ला, दुसरी शिलाई. सांगता सांगता तिला धीर आला, कारण याहून मोठा पुरावा कोणता? बाहेरच्या मालाने कारखाना इतका खाल्ला होता की आतल्या बाया त्याच मालाला आपलं नाव शिवत होत्या.

"आता सांगा मॅडम, आमचं काम गेलं ते याच्यानेच ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग योजनेच्या कागदाचं पान उलटलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. मालकाने स्वतःच तो माल परदेशातून आणला असेल, तर तो मालकाने बदललेला धंदा समजला जाईल. त्या कामगारांना योजना लागू नाही.

"म्हणजे खोटं धरलं तर माल घटला नाही म्हणून नाही," लिलाबाई म्हणाली, "आणि खरं धरलं तर शेठनेच आणला म्हणून नाही?"

"नियम मी केलेला नाही, मावशी."

नियम करणारा माणूस कधीच त्या खोलीत नसतो. तो कुठे बसतो, काय खातो, त्याच्या घरात कोणत्या चटईवर कोण बसतं, हे त्रेसष्ट माणसांपैकी एकालाही कधी कळत नाही. त्याने मात्र न बघता त्यांचे दोन्ही दरवाजे बाहेरून लावलेले असतात. चीड यावी तर कोणावर? समोरची पोरगी तर पाणी देत होती.

उठताना मॅडम म्हणाल्या, आणि बऱ्या मनानेच म्हणाल्या, "नुसता बिल्ला असता तर मी म्हणू शकले असते, की बाजारात कोणी तरी खोटा लावला. बिल्ला कोणीही लावू शकतं. मालकांची बिलं खोटी धरून शंकेचा फायदा तुम्हाला दिला असता. पण हाताचा टाका, आणि त्यात तुम्ही स्वतः ओळखलात..."

त्या बऱ्या मनाने बोललेल्या वाक्याने लिलाबाईला जेवढं लागलं, तेवढं नियमाने लागलं नव्हतं.

स्टँडवर शिल्पा येऊन थांबली होती, डब्यात आईसाठी पोहे घेऊन. "काय म्हणाले गं?" तिने विचारलं. "कागद धाडतीन," लिलाबाई म्हणाली. "तू आभ्यास कर." एसटीत मुख्तार चार सीट मागे जाऊन बसला. जाताना दोघं एका बाकावर बसली होती.

नोव्हेंबरात कागद आला. त्रेसष्ट जण अपात्र. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, की सदर माल कारखान्यातच तयार झाल्याचे शिलाई कामगार श्रीमती बिऱ्हाडे यांनी स्वतः ओळखून मान्य केले आहे. त्यांचे नंतरचे निवेदन ग्राह्य धरले तरी मालकाच्या आयातीमुळे योजना लागू होत नाही. वर्षानुवर्षं पगाराच्या पावतीवर तिचं नाव चुकीचं छापून यायचं. इथे ते अगदी बिनचूक होतं.

वस्तीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. बन्सीलाल शेठला कोणी शिव्या दिल्या नाहीत. तो लांब होता आणि मोठा होता. लिलाबाई जवळ होती. नळावर बाया तिला जागा करून द्यायच्या, आणि ती आली की बोलणं थांबवायच्या. जिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, ती अमिनाबी एकदा रस्त्यात समोरासमोर आली. लिलाबाईने म्हटलं, "अमिना, मी जाणूनबुजून..."

"मी सांगितलं होतं अक्का, आपला माल नाही तो," अमिनाबी म्हणाली. "माझा दोरा मी डब्यात ठेवला होता." आणि ती पिशवी या हातातून त्या हातात घेऊन निघून गेली.

लिलाबाई रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा आला होता. नीट काम करायची सवय. कोणी मागितलं नव्हतं. बिनखुणेचा माल सोडला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? सैल टाक्याची चटई सैलच विकली गेली असती, सहा महिन्यांत फाटली असती, आणि त्रेसष्ट चुली वर्षभर पेटल्या असत्या. प्रामाणिकपणाने माणसाचं भलं होतं असं जे सांगतात, त्यांना तिने धुळ्याच्या त्या ऑफिसात एकदा बसवलं असतं.

डिसेंबरात प्रेमराज दारात उभा राहिला. शेठने नरडाण्याला नवीन गोडाऊन घेतलं होतं. कंटेनर आता तिकडेच उतरत होते. "अक्का, तुम्ही या. व्यापारी निळा टाका मागतात. त्याच्याशिवाय माल उचलत नाहीत."

"माले नही येनं," लिलाबाई म्हणाली आणि दार लोटलं. आठ दिवस ती त्या नकारावर जगली. त्या आठ दिवसांत तिची मान जरा ताठ झाली होती. नवव्या दिवशी शिल्पाचा फोन आला. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली होती, आणि पोर म्हणाली, "माय, नाही जमलं तर राहू दे, पुढच्या वर्षी बसेन." तिने ते इतक्या समजूतदारपणे म्हटलं की लिलाबाईने फोन ठेवल्या ठेवल्या प्रेमराजला लावला.

सकाळच्या सुरत पॅसेंजरने ती नरडाण्याला उतरली. पत्र्याचं गोडाऊन, आत मोरांचे गठ्ठे छतापर्यंत. एका बाजूला दहा मशिनी, दहा पोरी. आणि लिलाबाई दारातच थांबली. प्रत्येक मशीनशेजारी एक रीळ होती, आणि दहाच्या दहा रिळी निळ्या होत्या.

"एकट्या तुमच्याने किती होणार?" प्रेमराज म्हणाला. "या पोरी घालतात, पण वाकडा घालतात. व्यापाऱ्याच्या लक्षात येतं. तुम्ही फक्त यांना तुमच्यासारखा सरळ शिकवा. शिलाई मारू नका हं, वेळ जातो. बिल्ला आणि टाका, बस."

परत जाणारी गाडी संध्याकाळी होती. पण ती गाडीसाठी थांबली असं म्हणणं खोटं होईल. ती फॉर्मसाठी थांबली. पहिल्या मशीनवरच्या पोरीशेजारी तिने स्टूल ओढलं, चष्मा लावला, सुई ओवली आणि सैल किनारीच्या कोपऱ्यात तीन टाके घालून दाखवले. आडवे, सरळ, एका मापाचे. पोरीने तिच्याकडे बघून घातले. दुसरा जरा तिरका गेला, लिलाबाईने उसवून परत घालायला लावला.

पोर शिंदखेड्याकडची होती, बोलकी होती. तिने सुई वर धरून सहज विचारलं, "अक्का, हाऊ टाका कसाले घालतस पन?"

लिलाबाईचा अंगठा सवयीने किनारीवर गेला होता. किनार ओढली की लगेच सुटली असती. तिने अंगठा काढून घेतला.

"शोभाना करता," ती म्हणाली आणि पुढची चटई ओढली.